राजाज्ञा आणि लोकमत : बडोदे राज्यातील जनसंपर्काचा विचार



'जनसंपर्क' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचा किंवा सरकारी कचेरीचा एखादा हसतमुख अधिकारी आणि त्याच्या हातातील प्रसिद्धिपत्रक उभे राहते. या शास्त्राचे ग्रंथकार अमेरिकेतील आयव्ही ली यांच्या 1906 सालच्या तत्त्वनिवेदनापासून किंवा एडवर्ड बर्नेज यांच्या 1923 सालच्या ग्रंथापासून त्याचा आरंभ मानतात. परंतु त्यांनी सांगितलेली अंगे, म्हणजे आधी परिस्थितीचा शोध, मग योजना, मग निवेदन आणि शेवटी परिणामाची तपासणी, ही आपल्या परिसरात त्याहून आधी वापरात आलेली दिसतात. श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांना 1881 च्या अखेरीस राज्याधिकार मिळाला. त्यानंतरच्या अर्धशतकात मराठी राजघराण्याने मुख्यतः गुजराती बोलणाऱ्या प्रजेला नव्या गोष्टी कशा पटवल्या, आणि कोठे पटवता आल्या नाहीत, हा आजचा विषय आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्याची रीत मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. महाराजांनी हा हुकूम एकदम राज्यभर लागू केला नाही. 1893 साली राजधानीपासून दूर, काठेवाडातील अमरेली शहर व त्याच्या आसपासची मोजकी गावे निवडून तेथे प्रयोग सुरू झाला. संपूर्ण राज्यात सक्ती आली ती 1906 साली. मधली तेरा वर्षे दिरंगाईची नव्हती. शेतकामाला लागणारी मुले, मुलींना शाळेत धाडण्याविषयीचा संकोच, शिक्षकांचा तुटवडा या अडचणी कागदावर दिसत नाहीत. त्या गावात जाऊनच दिसतात. इंग्रज सरकार ज्या काळात सक्तीचे नाव काढू देत नव्हते, त्या काळात हा अनुभव गाठीशी असणे ही मोठी गोष्ट होती.

लेखनाविषयीही हीच दक्षता दिसते. राज्याचे हुकूम आणि कायद्यांचे मसुदे 'आज्ञापत्रिके'त छापले जात, आणि महत्त्वाच्या मसुद्यांवर लोकांची मते मागवली जात. पण ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापर्यंत छापील मसुदा कसा पोहोचणार? 1910 साली आलेले अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या मार्गदर्शनाखाली उभी राहिलेली ग्रंथालये या प्रश्नाचे एक उत्तर होती. पेटाऱ्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती पुस्तकालये आणि निरक्षरांसाठी जादूच्या दिव्याने पडद्यावर दाखवलेली चित्रे ही त्यांची दोन साधने. ग्रामपुस्तकालयाच्या खर्चाचा तिसरा हिस्सा गावाने उभारावा, ही अट मला विशेष मार्मिक वाटते. ज्याने पैसा घातला तो पुस्तकाकडे फुकटाचे म्हणून पाहत नाही. पुढे 1931 साली 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' हा आठ भाषांतील शासनविषयक शब्दकोश निघाला. राज्यकारभाराचा शब्द प्रजेच्या भाषेत काय म्हणून ओळखला जावा, यावर एखाद्या दरबाराने इतके श्रम घेतल्याची उदाहरणे थोडीच.

एवढे करूनही यश मिळालेच असे नाही. 1904 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा आणि मुलाचे सोळा ठरवले. या मसुद्यावरही मते मागवली होती. परंतु कायदा झाल्यावर दंड भरून लग्न उरकणारे पुष्कळ निघाले. मांडव आणि वाजंत्री यांच्या खर्चात आणखी एका रकमेची भर, इतकाच त्याचा अर्थ अनेक घरांनी घेतला. लोकांनी हुकूम ऐकला होता; त्यांना त्याचे कारण पटले नव्हते. दंडाचे आकडे वाढले म्हणजे अंमलबजावणी कडक झाली असे एखादा कारकून म्हणेल. निवेदन फसल्याचाही तोच पुरावा असू शकतो.

याच संदर्भात 1911 च्या दिल्ली दरबाराचा उल्लेख टाळता येत नाही. 12 डिसेंबर रोजी महाराजांनी बादशहापुढे एकदाच लवून पाठ फिरवली, यावरून इंग्लंडातील वृत्तपत्रांत गहजब उडाला आणि त्या प्रसंगाची चित्रफीत लंडनच्या चित्रगृहांत झळकली. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहून, आपण गोंधळलो आणि निजामांनी काय केले ते नीट पाहता आले नाही, असा खुलासा केला. ते पत्र पुढे छापले गेले. खुलासा म्हणून लिहिलेला मजकूर छापून येताच क्षमापत्र झाला. टीकाकार शांत झाले नाहीत आणि देशाभिमानी वाचक खट्टू झाले. स्वतःच्या प्रजेविषयी तेरा वर्षे धीर धरणाऱ्या राजाला येथे तेवढे दिवसही मिळाले नाहीत.

आता आपल्या छाणीकडे वळू. हे गाव बडोद्याच्या उत्तरेस अगदी जवळ, आणि जैन परंपरेत त्याचे स्थान मोठे. येथील ग्रंथभांडारातील 'ओघनिर्युक्ती'ची 1161 सालची सचित्र ताडपत्रीय पोथी, तिच्यातील सोळा विद्यादेवींच्या चित्रांमुळे, कलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. येथील घरांतून अनेकांनी दीक्षा घेतली. म्हणून बडोदे सरकारने अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेला बंदी घालण्याचे योजले, तेव्हा तो प्रश्न छाणीसारख्या गावाच्या घराघरांतला होता.

मसुदा प्रसिद्ध होताच निषेधाचे अर्ज आणि सभांचे ठराव राज्याबाहेरूनही येऊ लागले. पाठिंबा देणारे, सुधारणेच्या बाजूचे जैन तरुणही पुढे आले. सरकारने समिती नेमून दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले. येथे एक अवघड पेच उभा राहतो. विरोधकांची श्रद्धा खोटी नव्हती; त्यांच्यासाठी दीक्षा हा जीवनाचा सर्वोच्च उत्सव होता, आणि परधर्मीय राजसत्तेने त्यात हात घालावा हे त्यांना असह्य वाटणे स्वाभाविक होते. अर्जांची नुसती मोजदाद केली असती तर त्यांचे पारडे कदाचित जड ठरले असते. पण ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता त्या आठ-दहा वर्षांच्या मुलाचा अर्ज त्या गठ्ठ्यात असणे शक्यच नव्हते. लोकमत मागवणाऱ्याने कोण बोलले याबरोबरच कोणाला बोलताच येत नाही हेही पाहिले पाहिजे. जनसंपर्काच्या नीतीतील हा भाग माझ्या मते सर्वांत कठीण आहे, आणि पाठ्यपुस्तके त्यावर फार थोडे बोलतात.

कायदा 1933 साली झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीला दीक्षा देणे त्याने शिक्षापात्र ठरवले. 1 मे 1949 रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. 1955 साली प्रभुदास पटवारी यांनी मुंबई विधानसभेत याच आशयाचे विधेयक मांडले, तेव्हाही विरोधाची लाट उसळली. ते विधेयक संमत झाले नाही.