सारख्या दिसणाऱ्या फळमाशा

कृष्णा व तारळी यांच्या संगमावर वसलेल्या उंब्रजच्या एखाद्या परसांत पेरूचें झाड आणि काकडीचा वेल शेजारीं शेजारीं असले, तर पावसाळ्यांत दोहोंच्या फळांतून अळ्या निघतात. घरधनीण दोन्हींचा दोष एकाच माशीच्या माथीं मारते, आणि तें साहजिकच आहे; कारण घरमाशीएवढ्या या पिवळसर-तपकिरी माशा उघड्या डोळ्यांस सख्ख्या बहिणी वाटतात. त्यांस वेगळें ओळखण्यास विद्वानांनाही दोन शतकें लागलीं.

१७९४ सालीं फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील एका फळमाशीस ‘गंजाच्या रंगाची’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. तें नांव १७६३ सालींच दुसऱ्या एका माशीस देऊन झालें होतें, तरी आपल्याकडील ग्रंथांत तें शतकाहून अधिक काळ चाललें. १९१२ सालीं हेंडेल यानें फोर्मोसा, म्हणजे आजच्या तैवान बेटावरील माशीस ‘डॉर्सॅलिस’ म्हटलें; आपली आंब्यावरील माशी ती हीच, हें मागाहून ठरलें. त्याच सुमारास मारियो बेत्सी या इटालियन पंडितानें कलकत्त्याच्या संग्रहालयांतील माशा तपासल्या आणि १९१६ सालीं पेरूवरील ‘करेक्टा’ ही माशी निराळी काढली.

परंतु खरी गंमत बिहारांतील पुसा येथें घडली. १९०५ सालीं तेथें स्थापन झालेल्या कृषिसंशोधनसंस्थेंत हाउलेट नांवाचा कीटकशास्त्रज्ञ होता. त्याच्या एका शेजाऱ्यानें डांस पळावेत म्हणून रुमालावर सिट्रोनेलाचें तेल शिंपडलें. माशांचा थवाच त्या रुमालावर येऊं लागला! हाउलेटनें पाहिलें, तर त्या फळमाशा होत्या, आणि झाडून सगळे नर. दुसरा कोणी रुमाल धुऊन मोकळा झाला असता. यानें तेलांतील एकेक द्रव्य वेगळें करून पाहिलें आणि १९१५ सालीं ‘मिथाइल युजेनॉल’चें आकर्षण जगापुढें मांडलें. पुढें याच द्रव्यांत विष मिसळून, पॅसिफिक महासागरांतील रोटा बेटावरून १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत आंब्यावरील माशीचें निर्मूलन करण्यांत आलें.

आतां परसाकडे वळूं. माशी पांढऱ्या कागदावर ठेवावी व भिंगांतून पाहावी. पाठ काळसर, तिच्या दोन्ही बाजूंस पिवळा पट्टा आणि पंखाच्या पुढील कडेनें अखंड काळी किनार, ही डॉर्सॅलिस. अंग तांबूस, किनार तुटलेली व पंखाच्या टोकास नुसता ठिपका, ही ‘झोनाटा’. ठिपका तसाच, पण तोंडावर आडवी काळी रेघ, ही करेक्टा. पाठीच्या मधोमध तिसरा पिवळा पट्टा दिसला, कीं ती काकडी-कारल्याची माशी समजावी. हा तिसरा पट्टा महत्त्वाचा; कारण पहिल्या तिघींचे नर मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यांत येतात, चौथीचे येत नाहींत. त्यांना ‘क्यू ल्युअर’ लागतें. पेरूचा सापळा काकडीच्या मांडवाला टांगणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. सापळा माशांनीं भरतो आणि काकडी किडतच राहते.

अळीवरून मात्र जात ओळखणें फार कठीण. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपला आंबा, कारलीं, पडवळ, वांगीं व अळू यांवर बंदी घातली, तेव्हां जात कोणती हा प्रश्नच नव्हता; फळांत परकी फळमाशी सांपडणें पुरेसें होतें. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभीं उठली. त्याच वर्षीं शास्त्रज्ञांनीं आणखी एक निकाल दिला: आफ्रिकेंत २००३ सालीं आढळलेली व २००५ सालीं नवी जात म्हणून नोंदलेली ‘इन्व्हेडन्स’ ही माशी निराळी नसून आपली डॉर्सॅलिसच होय.