इमारतीएवढे दादासाहेब

मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके यांचे शंभर फुटांहून अधिक उंचीचे व्यक्तिचित्र रंगवण्यात आले. ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ या उपक्रमाचे प्रवर्तक रणजित दहिया यांनी सहकाऱ्यांसह ते साकारले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करणारे फाळके स्वतः जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. चित्रपटांचे हाताने रंगवलेले फलक या शहरातून जवळजवळ नाहीसे झाल्यानंतर त्यांचे हे चित्र उभे राहिले, हे विशेष.

तंत्र मात्र त्या फलकांचेच. मूळ छायाचित्रावर चौकटी आखायच्या आणि तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी सूत व ओळंबा लावून भिंतीवर उतरवायच्या. परांचीवर वा झुल्यावर उभ्या असलेल्या चित्रकाराला समोर फक्त रंगाचा डाग दिसतो. तो नाकाचा की मिशीचा, हे चौकटीचा क्रमांकच सांगतो. म्हणून पुनःपुन्हा खाली उतरून दूर जावे लागते, किंवा खालून कोणी तरी सूचना देत राहावे लागते. खालून पाहणाऱ्याला वरचा भाग आखूड भासतो, त्यामुळे कपाळ थोडे लांबवावे लागते. डोळा खिडकीवर येणार नाही, याची काळजी आरेखनातच घ्यायची. चेहऱ्याच्या छटा मोजक्या ठेवून प्रत्येकीचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवणे श्रेयस्कर. संपल्यावर नव्याने कालवलेला रंग सहसा तंतोतंत जुळत नाही.

खरी कसोटी भिंतीची असते. अजिंठ्याची चित्रे लेण्यांच्या आडोशाला टिकली. मुंबईतल्या उघड्या भिंतीला पाऊस, खारी हवा आणि ऊन तिन्ही सोसावे लागते. ओल, शेवाळे, पोपडे काढून, भेगा बुजवून अस्तर दिल्याशिवाय हात घालणे म्हणजे पैसे पाण्यात. काम पावसाळा संपल्यावरच सुरू करावे. काळा, गेरू आणि पिवळी माती हे रंग दीर्घकाळ टिकतात; झगझगीत लाल-पिवळे बहुधा आधी विटतात. दिल्लीत आयटीओ येथील तत्कालीन पोलीस मुख्यालयावर २०१४ मध्येच अनपू वर्की व जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्श यांनी महात्मा गांधींचे सुमारे दीडशे फुटी चित्र रंगवले, तेही कृष्णधवल. गांधीजींना ते शोभलेही.

आपल्याकडे उद्घाटनाचा उत्साह दांडगा, देखभालीची तरतूद मात्र क्वचितच. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घेतानाच चित्र किती वर्षे ठेवायचे, डागडुजीचा खर्च कोणाचा आणि इमारत पाडायची झाल्यास चित्रकाराला कळवायचे की नाही, हे ठरायला हवे. हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर २६ वर्षे उलटली होती.