गाठीच्या सालचे गिरणगाव
(ईस्ट कोस्ट येथील मेळाव्यात दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)

आपल्या या किनाऱ्यावरून नांगरलेली जहाजे पाहिली की मला मुंबईचे मांडवी बंदर आठवते. माझी पणजी आपला जन्म सन सांगून सांगत नसे. 'गाठीच्या सालाआधी दोन पावसाळे' असे म्हणे. त्या गाठीच्या तापाचा, म्हणजे ग्रंथिक सन्निपाताचा, शोध घेणे हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग होऊन बसला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. धान्याची कोठारे तेथे, म्हणून उंदीरही तेथेच. पुढे रोग गिरणगावच्या चाळींत शिरला. ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण आत नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. गिरणीचा पगार महिन्याने, तोही उशिरा मिळे. पळून जाणाऱ्याला त्यावर पाणी सोडावे लागे. तरीही लोक एवढे पळाले की १८९७ च्या आरंभी मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली, आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली!

संशोधकाची खरी अडचण मृत्यूच्या नोंदवहीत आहे. प्लेग लिहिला की घरच्यांना विलगीकरण छावणीत नेत, खोली धुऊन काढत, सामान जाळत. म्हणून घरोघर 'ताप' सांगितला जाई. प्लेगच्या रकान्यावर विसंबणारा फसतो. सर्व कारणांचे मिळून मृत्यू मोजावेत, मागील वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावेत. जी वाढ उरते तीत लपवलेला प्लेग सापडतो.

वाल्डेमार हाफकिन यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. ओडेसाच्या या यहुदी शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा दोष त्यांच्यावर आला. तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. हे मी आवर्जून सांगतो, कारण जयंतीच्या भाषणांत ती पाच वर्षे गाळली जातात.

आमचे पणजोबा एका गिरणीत फिटर होते. ते बिऱ्हाड घेऊन मचव्याने रेवसला उतरले, म्हणून मी आज येथे उभा आहे. त्यांचा धाकटा भाऊ मागे राहिला. जानेवारी १८९७ च्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'ताप' असे आहे. पणजी मात्र म्हणे की त्याच्या काखेत लिंबाएवढी गाठ होती. माझ्या तक्त्यात मी त्याला प्लेगच्या रकान्यात घातलेले नाही. समासात पेन्सिलीने एक खूण तेवढी केली आहे.