ओझ्याचा इतिहास

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, अशी म्हणच आहे. सोनं म्हणजे कापूस. या कापसाचा इतिहास पुस्तकांतून भरपूर सापडतो. कोणत्या साली भाव चढला, कोणत्या साहेबानं रेल्वे आणली, कोणत्या शेठनं जिन काढली, सगळं आहे. पण तो कापूस उचलला कोणी? गाडीतून ढिगावर, ढिगावरून जिनात, जिनातून वाघिणीत, एवढं अंतर कापूस काय स्वतःच्या पायानं चालला? याचं उत्तर पुस्तकात नाही. ते आपल्या माणसांच्या मणक्यात आहे. तिथून वाचून काढावं लागतं.

मिलमध्ये लागायच्या आधी दोन वर्षं मी घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीच्या गाडीवर होतो. बदली झालेल्या साहेबलोकांचं अमरावतीचं घर बांधायचं नि अकोल्याला नेऊन मांडायचं, किंवा उलट. पट्टा खांद्यावर टाकून फ्रीज पाठीवर घेतला आणि तीन जिने चढायला लागलं की डोक्यात विचार येत नाहीत. डोकं फक्त पायऱ्या मोजते. पण गाडी मूर्तिजापूरच्या पुढे लागली, सामानावर आडवं पडलं, की विचार येतात. एकदा ध्यानात आलं, की हे काम आमच्या घरात नवीन नाही.

गावगाड्यात महाराच्या डोक्यावर जी कामं लादली होती त्यात हे एक होतं. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा पोचवायचा, तसंच सरकारी अंमलदार गावात आला की त्याचं बिऱ्हाड पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाहून न्यायचं. तिथून पुढे त्या गावचा महार. याला वेठ म्हणत, बेगार म्हणत. हजेरी नाही, वजनाचा हिशेब नाही, रोकडा नाही. वर्षाकाठी बलुतं, तेही हात पसरून. म्हणजे तेव्हाही फिरतीवरच्या साहेबाचंच सामान होतं. माझा आजा त्याच्या बापाच्या आठवणी सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "ओझं जड नसते रे बाप्पा. फुकटचं असलं का जड होते."

ही फुकटाची गोष्ट बाबासाहेबांनी बरोबर धरली होती. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. काम कोणतं ते ठरवा, आणि कामाचा पगार ठरवा, हा त्याचा गाभा. ते बिल कायदा होऊ शकलं नाही. शिवाय ते मुंबई इलाख्यापुरतं होतं, आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. पण २६ जानेवारी १९५० पासून घटनेचं २३ वं कलम साऱ्या देशाला लागू झालं. त्यात बेगार हा शब्द नाव घेऊन घातला आहे आणि ती बंद केली आहे. मित्रहो, आपण घटनेच्या गोष्टी फार करतो. हे कलम आपल्या पणज्याच्या डोक्यावरून ओझं उतरवायला लिहिलं, असं एकदा समजून वाचा.

आता कापसाकडे या. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. त्याच्या आधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. तांडेच्या तांडे त्या वाटेवर असत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी लढाई झाली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी आपल्या काळ्या मातीकडे डोळे लावले. १८६७ साली भुसावळवरून अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, त्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. बैलाच्या पाठीवरचं ओझं रेल्वेवर गेलं. पण जिनातून वाघिणीपर्यंतचं ओझं माणसाच्याच पाठीवर राहिलं.

पुढची गोष्ट नीट ऐका. १८८६ साली कारंज्याच्या कापूस बाजाराला सरकारी नियम लागू झाले. देशातला नियमाखाली आलेला हा पहिला बाजार म्हणतात. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. वजनाला नियम, दलालाला नियम. का? तर विलायतेला कापूस चोख मिळावा. आणि महाराष्ट्रात हमालासाठी स्वतंत्र कायदा कधी आला? १९६९ साली! कापसाच्या कायद्यानंतर बहात्तर वर्षांनी. आधी मालाची काळजी, मग जमलं तर माणसाची. हा इथल्या व्यवस्थेचा जुना क्रम आहे.

तो १९६९ चा कायदाही कोणी खैरात म्हणून दिला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरले तेच बाबा. माथ्यावर वाहतो तो माथाडी. कायद्याची युक्ती साधी आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एकाचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचं गोदाम. मग प्रत्येक मालक म्हणतो, हा माझा माणूस नाही. कायद्यानं मधे मंडळ बसवलं. हमालाची नोंद मंडळाकडे. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वरून लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, रजेचा पगार, बोनस, दवाखाना. पण हे सगळं कोणाला? ज्याचं नाव रजिस्टरात आहे त्याला. नाव नाही तर तू हमाल असून हमाल नाहीस.

आमच्या गाडीवर आम्ही पाच जण होतो. एकाचंही नाव कोणत्याच वहीत नव्हतं. सामानाची मात्र वही होती. प्रत्येक खोक्याला नंबर, काचेच्या सामानावर लाल चिठ्ठी, आरशाला आधी पुठ्ठा मग गोधडी, आणि वरून विमा. कपाट जिन्यात निसटून माझ्या जोडीदाराच्या पायावर आलं तेव्हा पहिली चौकशी कपाटाला पोचा आला काय याची झाली. पाय सुजला म्हणून तो आठ दिवस घरी बसला, आठ दिवसांचा रोज बुडाला.

आणि जात? ती काही गेली नाही, ती पॅकिंग करून सोबत येते. एका घरी बाईंनी अगोदर आडनावं विचारली, मग म्हणाल्या, "देव्हारा राहू द्या, तो आम्ही आमच्या कारमधून नेऊ." त्यांची गादी, त्यांची भांडी, त्यांचा धान्याचा कोठा आमच्या हातानं गेला. देव तेवढा कारमधून गेला. ही रीतही जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओला करावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. गाठ उचलायला चालतो, धाग्याला चालत नाही! आज मी मिलमध्ये तुटलेला धागाच जोडतो. पण गाठी अजून उचलाव्याच लागतात. दाबलेली एक गाठ १७० किलोची असते.

वजनाचंही ऐकून ठेवा. एका माणसानं हातानं ५५ किलोपेक्षा जास्त उचलू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली केली. माणसाला झेपणार नाही असं ओझं देऊ नका, हा त्याच सालचा करार भारतानं २०१० साली मान्य केला. धान्याचं शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून हमालांना झगडावं लागलं. कपाटाचं, फ्रीजचं, वॉशिंग मशीनचं वजन मात्र आमच्या गाडीवर कोणी कधी विचारलं नाही.

सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांत माल चढवणं-उतरवणं हे काम १९६९ च्या कायद्याच्या यादीत आहे. मग घरसामानाच्या गाडीवरची पोरं बाहेर का? ती सुटी आहेत म्हणून. आज अमरावतीत, उद्या अकोल्यात, परवा कामच नाही. बहुतेक आपल्याच वस्तीतली आहेत, आणि त्यांच्यापर्यंत आपण पोचलो नाही.

तेव्हा कामाचं सांगतो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कोणाचं ओझं, कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत, काय मिळायचं, विचारा आणि लिहून घ्या; त्यांच्या मागं हे कोणी सांगणार नाही. आणि रस्त्यावर सामानाची गाडी उभी दिसली की तिच्यावरच्या पोराला तीन गोष्टी विचारा. तुझं नाव कोणत्या रजिस्टरात आहे? वजन कोण ठरवते? पडलास तर दवाखाना कोणाचा? तिन्हीला तो हसेल. त्या हसण्याखाली त्याचं नाव, पत्ता, रोज लिहून घ्या. अशी पन्नास नावं जमली की माथाडी मंडळात अर्ज घेऊन जाऊ. सगळे मिळून जाऊ.