पिकअपवरचे घर आणि पाट्यांचा हिशेब

महाड तालुक्यात सावित्रीच्या खाडीकाठाने वसलेल्या गावांचा परिसर खाडीपट्टा या नावाने ओळखला जातो. तुडील हे त्यांपैकीच एक गाव. येथून निघालेली पिकअप महाड आणि पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला पोहोचते, तेव्हा ती खाडीच्या पातळीपासून सुमारे १,३५० मीटर उंची चढून गेलेली असते. पूर्वेला भोरकडे जायचे तर वरंध घाट आहे. दक्षिणेला खेडकडे जाताना कशेडीच्या जुन्या घाटाला आता बोगद्याचा पर्याय मिळाला असला, तरी महाड आणि पोलादपूरच्या आतल्या गावांचे रस्ते चढउताराचेच आहेत. पावसाळ्यात त्यांत खड्ड्यांची भर पडते. अशा रस्त्यांवर चिऱ्यापासून आंब्याच्या पेट्यांपर्यंत सर्व काही वाहून नेणारे वाहन म्हणजे पिकअप.

या वाहनाच्या पाठीवर गेल्या काही वर्षांत एक नवे ओझे आले आहे, ते घराचे. पिकअपच्या हौद्यावर झोपण्याची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह असलेली खोली बसवली, की तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. अमेरिकेत हा प्रकार अनेक दशके रूढ आहे. महाराष्ट्रात मात्र 'कॅम्पर' म्हटले की दोन रांगांची केबिन असलेली बोलेरो पिकअपच डोळ्यांसमोर येते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने आयआयटी मद्रासशी संलग्न असलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या उद्योगाबरोबर बोलेरो कॅम्पर गोल्डवर आधारित फिरती घरे तयार करण्याची घोषणा केली आणि नावातला कॅम्पर प्रत्यक्षातही कॅम्पर झाला. अशी गाडी घाटात नेणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते. गाडी मागून बसते, वळणावर झुकते आणि खड्ड्यात आपटते. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, 'पाटे वाढवा'. हा सल्ला नेहमीच चूक नसतो, मात्र तो सर्वांत शेवटी अमलात आणायचा असतो.

पाट्यांचे काम

पिकअपच्या मागच्या एक्सलवर पोलादी पट्ट्यांची चळत यू-बोल्टने आवळलेली असते. तिला पाटे म्हणतात. ही रचना घोडागाड्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. पाटे वाकून धक्का झेलतात आणि त्याच वेळी एक्सलला जागेवरही धरून ठेवतात. पूर्ण भार पेलण्यासाठी ते ताठ बनवलेले असल्याने रिकामी पिकअप उड्या मारते आणि थोडे वजन घातले की नरम चालते. अनेक पिकअपमध्ये मुख्य पाट्यांखेरीज जादा भार पडल्यावरच कामाला लागणारे मदतनीस पाटेही कारखान्यातूनच बसवलेले असतात.

धक्का झेलल्यानंतर पाटा पुन्हा पुन्हा वरखाली होऊ पाहतो. त्याला शांत करणे हे शॉक अॅब्सॉर्बरचे काम. भार पेलणे पाट्यांकडे आणि हेलकावे थांबवणे शॉककडे, ही विभागणी ध्यानात ठेवली तर अर्धे गैरसमज दूर होतात.

आधी वजनकाटा, मग गॅरेज

सामान्य पिकअपवर माल चढतो आणि उतरतो. कॅम्परचा भार मात्र दिवसरात्र पाठीवरच असतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे सर्व तयारीनिशी, माणसे बसवून गाडी वजनकाट्यावर नेणे. एकूण वजनाबरोबर पुढच्या आणि मागच्या एक्सलचे वजनही स्वतंत्रपणे घ्यावे.

उदाहरणादाखल, गाडीचे मान्य एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरक १,००० किलो आहे असे धरू. खोलीचे वजन ५५० किलो, १०० लिटर पाण्याचे १०० किलो, बॅटरी आणि विजेचे सामान ५० किलो, भरलेला गॅस सिलिंडर ३० किलो, अंथरूण, भांडी व इतर सामान १०० किलो आणि सरासरी ६५ किलोंची चार माणसे म्हणजे २६० किलो. बेरीज १,०९० किलो होते. कोणतीही चैन न करता मर्यादा ९० किलोंनी ओलांडली जाते. येथे पाटे वाढवले तर गाडी सरळ उभी दिसेल, परंतु एक्सल, बेअरिंग, चाके, ब्रेक आणि चासी यांची क्षमता एका किलोनेही वाढणार नाही. वजन कमी करणे हाच अशा वेळी खरा उपाय ठरतो.

भार कोठे आणि किती उंच

वजनाइतकेच त्याच्या जागेला महत्त्व आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ३ मीटर असलेल्या गाडीत ३०० किलोंचा भार मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवला, तर मागच्या एक्सलवर ३५० किलो पडतात आणि पुढच्या एक्सलवरचे ५० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सैल होते आणि ब्रेकचा परिणाम घटतो. हेडलाइट वर उचलले जाऊन समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, ते वेगळेच. त्यामुळे टाकी आणि बॅटरी शक्य तितक्या खाली आणि मागच्या एक्सलच्या पुढे असाव्यात. टाकीच्या आत आडपडदे हवेत, नाहीतर अर्धवट भरलेले पाणी वळणावर एका बाजूला धावते.

उंचीचा प्रश्न याहून गंभीर आहे. दोन चाकांमधील रुंदी १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.८ मीटरवर असेल, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाला उलटण्याच्या सीमेवर येते. खोलीमुळे गुरुत्वमध्य १.२ मीटरवर गेला, की हाच आकडा सुमारे ३८ वर उतरतो. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबून गाडी आधीच झुकत असल्याने मर्यादा आणखी खाली असते. हौद्यात माणसे उभी करून नेण्यातला धोकाही हाच आहे. त्यात माणसे वळणावर तोल सावरताना एकाच बाजूला कलतात. पोलादपूर तालुक्यातील कुडपण येथे जानेवारी २०२१ मध्ये वऱ्हाडाला घेऊन जाणारे मालवाहू वाहन दरीत कोसळून जीवितहानी झाली होती. घाट चुकीला फारशी जागा देत नाही, याची आठवण अशा घटना करून देतात.

टायर आणि शॉक

वजन आणि त्याची जागा ठीक झाल्यावर टायरकडे वळावे. टायरच्या बाजूवर आकारानंतर छापलेला अंक त्याची भारक्षमता सांगतो. १०० म्हणजे प्रत्येकी ८०० किलो, तर १०८ म्हणजे १,००० किलो. ही क्षमता ठरलेल्या दाबाची हवा असेल तरच मिळते. हवा कमी असल्यास टायरच्या बाजू लचकतात आणि गाडी डोलते. पुष्कळदा हाच दोष पाट्यांच्या माथी मारला जातो. हवा टायर थंड असताना, वाहनावरील तक्त्यात भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यानुसार तपासावी.

शॉकमधून तेल पाझरत असेल, किंवा खड्डा ओलांडल्यावर गाडी एकापेक्षा अधिक वेळा डोलत असेल, तर शॉक बदलण्याची वेळ झाली असे समजावे. कायम भारलेल्या गाडीसाठी थोडे कडक शॉक उपयोगी पडतात. वळणावरचा झुकाव कमी करायचा तर दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार हा पाट्यांपेक्षा नेमका उपाय आहे. त्याने खड्ड्यातला हादरा फारसा वाढत नाही.

पाटे, मदतनीस आणि हवेचे फुगे

एवढे करूनही, मान्य वजनाच्या आत असलेली गाडी मागून बसत असेल, तर पाटे तपासावेत. जुने पाटे आपली कमान गमावतात. तसे झाले असल्यास जादा पाटा घालण्याऐवजी पूर्ण जुडगा बदलणे योग्य. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणे धोक्याचे आहे, कारण उष्णतेमुळे पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा त्याच ठिकाणी पुन्हा तुटतो. जुडगा बदलताना यू-बोल्ट नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत.

एक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवायचे रबरी हवेचे फुगे हा आणखी एक पर्याय. भारानुसार हवा कमीजास्त करता येते, हा त्यांचा गुण. दोन्ही फुग्यांच्या नळ्या मात्र स्वतंत्र हव्यात. त्या जोडलेल्या असतील तर वळणावर दबलेल्या फुग्यातील हवा दुसऱ्या फुग्यात जाऊन झुकाव वाढतो. शिवाय फुग्यामुळे भार चासीच्या एकाच ठिकाणी एकवटतो, हेही विसरता येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा ब्रेकचा आहे. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. तिचा दांडा एक्सलशी जोडलेला असतो आणि गाडी मागून किती दबली आहे, यावरून ती भाराचा अंदाज घेते. पाटे वाढवून किंवा फुगे बसवून गाडी मागून उचलली, की झडपेला भरलेली गाडी रिकामी वाटते. ती मागच्या ब्रेकचा दाब कमी करते आणि सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. आंबेनळीसारख्या लांब उतारावर हे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणजे आरामासाठी केलेला बदल थेट जिवावर बेततो. मागच्या बाजूची उंची बदलणारे कोणतेही काम केल्यावर ही झडप जाणकाराकडून पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

कोकणातली निगा

खाडीकाठची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यातला चिखल पाट्यांचा शत्रू आहे. दोन पाट्यांमध्ये गंज चढला की ते एकमेकांवर सहज सरकत नाहीत आणि गाडी उगाच कडक लागते. पावसाळ्याआधी व नंतर पाटे धुऊन त्यांना तडे आहेत का, सेंटर बोल्ट शाबूत आहे का आणि बुश झिजले आहेत का, हे पाहून घ्यावे. खोली हौद्याला बांधणारे बोल्ट आणि पट्टेही घाट चढण्याआधी तपासावेत. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरावे. सतत ब्रेकवर पाय ठेवू नये.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. झिजलेला भाग त्याच प्रतीच्या नव्या भागाने बदलणे ही दुरुस्ती झाली. हौद्यावर कायमची खोली चढवणे हा मात्र फेरफार ठरतो. महाड आणि पोलादपूरच्या वाहनांची नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयात एमएच ०६ या क्रमांकाने होते. कामाला हात घालण्यापूर्वी तेथे चौकशी करणे शहाणपणाचे. परवानगीविना केलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही आडवा येऊ शकतो.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा: वजन, त्याची जागा, टायर, शॉक आणि शेवटी पाटे. यांतील पहिल्या दोन गोष्टींना वजनकाट्याच्या पावतीपलीकडे फारसा खर्च नाही आणि गाडीचा बहुतेक त्रास तेथेच मिटतो. तुडीलहून घाटमाथ्यावर निघालेल्या गाडीचे पाटे कितीही भक्कम असले, तरी तिचे ब्रेक, टायर आणि तोल हे मूळ मर्यादेतच काम करतात. घाटातल्या प्रत्येक वळणावर हीच मर्यादा कसोटीला लागते.