सोलापूरचीं घरें

शहराचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे किल्ला, पेठ, गिरणी यांचीं वर्णनें सहज हातीं येतात. त्या शहरास ज्यांनीं वाढविलें तीं माणसें रात्रीं कोठें पाठ टेकीत होतीं, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सोलापुरापुरता तो विचारून पाहावा, एवढाच आमचा हेतु आहे.

१८६० मध्यें आगगाडी सोलापुरास पोंचली. १८७७ मध्यें, दुष्काळाच्या ऐन दिवसांत, पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणून प्रसिद्ध झालेली गिरणी सुरू झाली. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु या गिरण्या आल्या. कोरडवाहू खेड्यांतला कुणबी भोंग्याच्या हांकेस ओ देऊं लागला. तेलंगणांतून पद्मशाली विणकर हातमाग घेऊन आले. १९०१ मध्यें सुमारें पाऊण लक्ष असलेली वस्ती १९२१ च्या शिरगणतींत जवळजवळ १ लक्ष २० हजार भरली. गिरण्यांनीं कांहीं चाळी बांधिल्या खऱ्या; पण येणारांच्या मानानें त्या अपुऱ्याच होत्या.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. सोलापुरांतील विणकराचें घर हें नुसतें निजण्याचें ठिकाण नव्हतें. पुढच्या खोलींत माग, मागें चूल, आणि दारापुढची गल्ली ताण्यास खळ लावण्यासाठीं. बायका कांड्या भरीत, पोरें धोट्याच्या आवाजांत झोंपीं जात. अशा कुटुंबानें घर गमाविलें तर छपराबरोबर त्याचा धंदाही जात असे. म्हणून जागेची टंचाई ही येथें पोटाचीच टंचाई होती.

पुढें काळ पालटला. १९६० नंतर जुनी गिरणी बंद पडली. शतक सरतां सरतां इतर गिरण्यांनींही तीच वाट धरली. पुरुष यंत्रमागावर गेले, हजारों स्त्रिया विड्या वळूं लागल्या. त्या धंद्यांतही कारखान्यांतून पान-तंबाखू आणावयाची, घरीं विड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या. म्हणजे घर पुन्हा कारखानाच!

आतां शिरगणतीचे आंकडे पाहूं. २००१ मध्यें शहराची वस्ती सुमारें ८ लक्ष ७२ हजार होती. २०११ मध्यें ती ९ लक्ष ५१ हजार झाली. दहा वर्षांत वाढ शेंकडा नऊ. त्याच काळांत महाराष्ट्राची वाढ शेंकडा सोळा. जें शहर एके काळीं चारी दिशांची माणसें ओढीत होतें, त्याचेच तरुण पुण्याची वाट धरूं लागले. मग घरांची टंचाई ओसरली काय? मुळींच नाहीं. कारण टंचाई केवळ डोक्यांच्या संख्येनें होत नसते. मजुरी आणि जागेची किंमत यांमधील अंतर जितकें वाढेल, तितक्या पिढ्या एका खोलींत कोंडल्या जातात.

या कोंडींतून वाट काढिली ती कामगारांनींच. नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें, सहकाराच्या मार्गानें व सरकारी साहाय्यानें, शहराबाहेर कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांकरितां दहा हजार घरें उभीं राहिलीं. २००६ मध्यें पंतप्रधानांच्या हस्तें तीं दिलीं गेलीं. गोदूताई परुळेकरांचें नांव त्या वसाहतीस आहे. तेथेंच तीस हजार घरांची ‘रे नगर’ ही दुसरी योजना आंखली गेली, आणि तींतील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्यें वाटल्या गेल्या. आयुष्यभर भाडें भरणाऱ्या बाईच्या हातीं स्वतःच्या दाराची किल्ली पडणें, ही गोष्ट कोणत्याही गिरणीच्या स्थापनेपेक्षां लहान नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तरीपण मनांत एक खंत राहते. ज्यांच्या श्रमानें शहर वाढलें, त्यांना परवडेल अशी जमीन शहरांत मिळाली नाहीं. ती माळावर मिळाली. त्या वेळीं दुसरा उपायही नसावा. परंतु पान-तंबाखूसाठीं किंवा मागावरच्या पाळीसाठीं रोज मैलोगणती जावें लागलें, तर घराच्या भाड्यांत वांचलेला पैसा गाडीच्या भाड्यांत जातो. घर आणि काम एका उंबऱ्याच्या आंत नांदविणें हें सोलापूरच्या विणकरास शंभर वर्षांपूर्वीं साधलें होतें. नवीं घरें बांधणारांनीं विटांचा हिशेब मांडतांना त्या जुन्या उंबऱ्याचाही हिशेब मांडावा, एवढेंच आमचें मागणें आहे.