पणती हलवायची आहे

चपला दाराबाहेर काढा. इथला नियमच आहे तो, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. साल 2007, गाव सांगली, दिवाळी आठवड्यावर आलेली. बोळातल्या या क्लासमध्ये एसी एकाच खोलीला आहे आणि त्या खोलीत खुर्च्या कमी, पोरं जास्त. दार उघडलं की शेजारच्या दुकानातला भडंगाच्या फोडणीचा लसणीचा वास आत शिरतो. मॉनिटर मागून चांगलेच तापलेत. काचेजवळ हात न्या बरं, अंगावरचे केस उभे राहतात की नाही?

आज तुम्हाला पणती पेटवायची आहे. ऑर्कुटवर मित्रांच्या स्क्रॅपबुकात टाकायला तुमच्या नावाची आडवी पट्टी आणि नावाशेजारी हलती ज्योत. चित्र फोटोशॉपमध्ये काढून झालंय, हलवायचं त्याच्या जोडीच्या इमेजरेडी प्रोग्रॅममध्ये. माउस अडकतोय? उलटा करा, खालची चकती फिरवा, गोळी तळहातावर घ्या. आतल्या रुळांवर मळाची काळी वळी बसली आहेत, ती नखाने खरवडून काढा. आता बाण कसा सरसर पळतो बघा.

स्क्रीनच्या तळाशी फ्रेमची पट्टी आहे. पहिल्या फ्रेममध्ये ज्योत सरळ. तिची नक्कल काढा, सरळ ज्योतीच्या लेयरसमोरचा डोळा मिटा आणि कललेल्या ज्योतीचा उघडा. तिसऱ्या फ्रेममध्ये आणखी कललेली. प्ले दाबा.

बापरे! फ्रेमखाली शून्य सेकंद लिहिलंय ना, म्हणून ही फडफड. सगळ्यांना 0.1 द्या. आता वेग बरा वाटतो, पण तिसरीवरून पहिलीवर येताना ज्योत टुणकन उडी मारते. मागून एक ताई तुमच्या खांद्यावरून डोकावते. "गेली तशी परत आणायची की! एक, दोन, तीन, परत दोन."

झोका मिळाला. तरी पणती यंत्रागत हलतेय, एका ठेक्यात, डावी-उजवी. काय चुकतंय ते काही केल्या सापडत नाही.

आणि लाईट जाते.

सगळे यूपीएस एकदम किंचाळायला लागतात. "सेव्ह करा, सेव्ह करा!" सर ओरडतात आणि खोलीभर कीबोर्ड खडखडतात. एसी बंद. दोन मिनिटांत मानेवरून घाम ओघळायला लागतो. एकेक मॉनिटर मिटतो. लोडशेडिंग रोजचंच, त्यामुळे मेणबत्ती सरांच्या खणातच असते. ती तुमच्या टेबलावर येते.

बघा तिच्याकडे, अगदी जवळून. वातीपाशी ज्योत निळसर आहे आणि तिथे ती जवळजवळ हलतच नाही. हलतं ते टोक. कुणी दार ढकललं की ते झटकन कलतं, सावकाश सरळ होतं आणि मग कितीतरी वेळ नुसतं उभं राहतं. माझं ठाम मत आहे की अॅनिमेशनचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही.

"आली!" अख्खा बोळ ओरडतो.

मशीन सुरू होईपर्यंत तुमची बोटं शिवशिवतात. ज्योतीचा बुंधा जागच्या जागी ठेवा, फक्त टोक ओढा. उभ्या ज्योतीला 0.5, कलताना 0.1, परतीला 0.2. फॉरएव्हर निवडा, प्ले करा. पणती जिवंत झाली!

आता ती जीआयएफ फाइल म्हणून सेव्ह करायची, आणि जीआयएफमध्ये एका फ्रेमला 256च रंग मिळतात. त्यामुळे ज्योतीभोवती तुम्ही प्रेमाने केलेली मऊ केशरी प्रभावळ रवाळ दिसतेय. काढून टाका ती. एवढ्याशा पट्टीत सपाट रंगच खुलतो, आणि रंग 64वर आणले की फाइलही हलकी होते. फोटोबकेटच्या साइटवर चढवा, मिळालेला कोड स्क्रॅपमध्ये चिकटवा.

"ए, हलतंय, हलतंय!" खुर्च्या करकरतात. पाच डोकी तुमच्या स्क्रीनवर आदळतात आणि भडंगाची तेलकट बोटं नेमकी काचेवर पणती दाखवतात. माझ्या नावाचं पण करा. माझं आधी. तेवढ्यात टेबलाखालून एक बारकं पोर वर येतं. त्याला पणती नकोच, भुईचक्र हवंय, गोल फिरणारं!

भुईचक्राची ठिणगी न् ठिणगी दर फ्रेमला वेगळी काढावी लागेल. सरका जरा, त्याला बसायला जागा करा.